गेजवरचे शून्य आणि डोंगरावरचे इंजिन

सायकलच्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर आपण चाकात हवा भरून घेतो. 'तीस भरा' म्हटले, की दुकानदार गेजकडे पाहत तीस पौंड हवा भरतो. वर्गात एक प्रश्न विचारून पाहा. चाकाला मोठे भोक पडून ते पार बसले, तर गेज किती दाखवेल? मुले लगेच सांगतील, शून्य. मग त्या चाकात हवा नाही का?

इथे वर्गात दोन तट पडतील. खरे उत्तर असे, की भोक पडलेल्या चाकातही बाहेरच्याच दाबाची हवा असते. समुद्रसपाटीला हा दाब दर चौरस इंचाला सुमारे १४.७ पौंड असतो. म्हणजे गेजवरच्या शून्याचा अर्थ 'काहीच नाही' असा नसून 'बाहेर आहे तेवढेच' असा आहे, आणि तीस पौंड म्हणजे बाहेरच्यापेक्षा तीस पौंड जास्त.

सायकल चालवणाऱ्याचे या फरकावाचून काही अडत नाही. पण अमेरिका आणि कॅनडातल्या रॉकी पर्वताच्या परिसरात, बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलला टर्बो बसवणाऱ्याचे मात्र अडते. हा फरक त्याच्या ध्यानात आला नाही, तर इंजिनाचा पिस्टन वितळू शकतो, आणि तोही छातीइतक्या भुसभुशीत बर्फात, शून्याखाली दहा-पंधरा अंश थंडीत, रस्त्यापासून कित्येक किलोमीटर दूर. म्हणून टर्बोचे किट कसे निवडतात आणि ते इंजिनाशी कसे जुळवतात, हे समजून घेऊ. वाटेत पाठ्यपुस्तकातले वायूंचे नियम पुन्हा भेटतील.

डोंगर किती हवा काढून घेतो?

स्नोमोबाइल म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे रबराचा रुंद, फिरता पट्टा असलेले वाहन. गुलमर्गला जाऊन आलेल्यांनी ते पाहिले असेल. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातील जोझेफ-आर्मां बाँबार्डिए यांनी १९५९ साली 'स्की-डू' हे छोटे, स्वस्त वाहन बाजारात आणले आणि बर्फातल्या प्रवासाचे स्वरूप बदलले. डोंगरासाठीच्या स्नोमोबाइलचा पट्टा अधिक लांब असतो आणि त्यावर सहा-सात सेंटिमीटर उंचीच्या रबरी पट्ट्या आडव्या बसवलेल्या असतात. वल्ह्याने पाणी मागे लोटावे, तसा त्या बर्फ मागे लोटतात. ताज्या, भुसभुशीत बर्फावर हे वाहन जणू तरंगत जाते. पण जोर कमी पडला, की पट्टा जागच्या जागी खड्डा खणतो आणि वाहन रुतते. म्हणजे डोंगरावर शक्तीची गरज सर्वांत जास्त, आणि नेमकी तिथेच ती घटते.

असे का होते, ते पुढील आकडे सांगतील. प्रमाण वातावरणात उंचीप्रमाणे हवेचा दाब आणि घनता अशी असते :

समुद्रसपाटी : १०१३ मिलिबार, घनमीटरला १.२२५ किलोग्रॅम
५०० मीटर : ९५५ मिलिबार, १.१६७ किलोग्रॅम
१,००० मीटर : ८९९ मिलिबार, १.११२ किलोग्रॅम
२,००० मीटर : ७९५ मिलिबार, १.००७ किलोग्रॅम
३,००० मीटर : ७०१ मिलिबार, ०.९०९ किलोग्रॅम

इंजिनाच्या सिलिंडरचे आकारमान डोंगरावर गेल्याने बदलत नाही. प्रत्येक फेरीत ते तेवढीच लिटर हवा घेते. पण ३,००० मीटरवरच्या एका लिटरमध्ये समुद्रसपाटीच्या तुलनेत ७४ टक्केच हवा असते. हवा कमी म्हणजे प्राणवायू कमी, म्हणून जाळता येणारे पेट्रोल कमी आणि शक्तीही कमी. खाली १६५ अश्वशक्ती देणारे इंजिन वर सुमारे १२० वर येते. हा इंजिनाचा दोष नव्हे. त्याला पुरेसा श्वास मिळत नाही, इतकेच.

पाइक्स पीकवरची परीक्षा

स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली एका कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणारे जळके वायू तापलेले आणि जोरात असतात. त्यांच्या वाटेत पाती असलेले चाक ठेवले तर ते फिरेल. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक बसवले, तर ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनाकडे ढकलेल. वाया जाणाऱ्या ऊर्जेवर चालणारा हा पंप म्हणजेच टर्बो.

अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे सॅनफर्ड मॉस यांनी विमानाच्या इंजिनासाठी असा टर्बो तयार केला. विमानाला उंचीवर विरळ हवा मिळते, म्हणून त्याची परीक्षाही विरळ हवेतच घ्यायला हवी. १९१८ साली त्यांनी लिबर्टी नावाचे इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक शिखरावर नेले. उंची सुमारे ४,३०० मीटर. खाली ३५० अश्वशक्ती देणारे हे इंजिन शिखरावर टर्बोशिवाय २३० च्या आसपास देऊ लागले. टर्बो जोडल्यावर मात्र ते ३५० च्या वर गेले.

विद्यार्थ्यांना हा ताळा करून पाहू द्या. ४,३०० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के असते. ३५० चे ६५ टक्के किती? २२८. शिखरावरच्या मापाशी हे उत्तर किती जवळ येते पाहा!

किट निवडताना : आधी उंची, मग आकडा

स्नोमोबाइलच्या टर्बो किटमध्ये टर्बो, हवेच्या आणि धुराच्या नळ्या, हवा थंड करणारा इंटरकूलर, जादा दाब झाला की जळके वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी वेस्टगेट नावाची झडप आणि इंधनाचे नियंत्रण करणारे इलेक्ट्रॉनिक साधन असते. टू-स्ट्रोक इंजिनाच्या तळाशी मोटारीसारखा तेलाचा साठा नसतो. म्हणून मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या टर्बोच्या बेअरिंगला तेल देण्याची वेगळी सोय किटमध्ये असावी लागते. किट घेताना ही सोय आधी तपासावी.

जाहिरातीत ठळक दिसतो तो दाबाचा, म्हणजे 'बूस्ट'चा आकडा : सहा पौंड, दहा पौंड, बारा पौंड. जास्त पौंडांचे किट अधिक चांगले, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण पहिला प्रश्न असा हवा : आपण फिरणार किती उंचीवर, आणि तिथे हरवलेली हवा परत मिळवायला किती दाब पुरेल?

गणित साधे आहे. ३,००० मीटरवर दाब ७०१ मिलिबार. समुद्रसपाटीचा १०१३ मिलिबार मिळवायला ३१२ मिलिबारची भर घालावी लागेल. एक पौंड म्हणजे सुमारे ६९ मिलिबार. म्हणजे अवघे साडेचार पौंड! पाच-सहा पौंडांचे किट जाहिरातीत किरकोळ वाटते, पण डोंगराने काढून घेतलेले जवळजवळ सगळे ते परत देते. स्की-डूने २०२० च्या मॉडेलात प्रथमच कारखान्यातून टर्बो बसवलेले टू-स्ट्रोक इंजिन दिले, तेव्हा त्यांचा दावाही असाच मर्यादित होता : १६५ अश्वशक्ती ८,००० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे २,४४० मीटरपर्यंत, टिकून राहील. जादा शक्ती देण्याऐवजी आहे ती न गमावणे, हाच तिथे हेतू होता.

त्यापुढची भर म्हणजे इंजिनाकडून मूळ क्षमतेपेक्षा जास्त मागणे. दहा-बारा पौंडांवर जायचे तर सिलिंडरच्या डोक्याचा आकार बदलून संपीडन कमी करावे लागते. महाग इंधन लागते आणि क्लच, पट्टा, बेअरिंग या सगळ्यांवर ताण येतो.

दुसरा प्रश्न टर्बोच्या आकाराचा. लहान टर्बोचे चाक हलके असल्याने थ्रॉटल दाबताच वेग घेते, पण जास्त हवा लागली की कमी पडते. मोठा टर्बो भरपूर हवा देतो, पण वेग घ्यायला वेळ लावतो. झाडांमधून वळणे घेत जाणाऱ्याला अर्ध्या सेकंदाचा उशीरही महागात पडतो. लांब, मोकळा चढ चढणाऱ्याला तो चालतो.

दाबली की तापते

सायकलचा पंप जोरात मारला, की त्याचे खालचे टोक गरम लागते. घर्षणाचा वाटा थोडा, खरे कारण हवा दाबली जाणे हे आहे. टर्बोतही तेच घडते. ३,००० मीटरवर उणे १० अंशांची हवा साडेचार पौंडांनी दाबली, तर आदर्श स्थितीत ती २९ अंशांनी तापते. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ४२ अंशांनी. म्हणजे हवा ३२ अंशांवर पोचली. बारा पौंडांना हीच वाढ सुमारे ९४ अंशांची होते आणि हवा ८४ अंशांवर जाते.

तापलेली हवा पसरते, म्हणजे दाब मिळाला तरी घनता मिळत नाही. ३२ अंशांच्या हवेची घनता १०१३ मिलिबारलाही घनमीटरला १.१६ किलोग्रॅमच भरते. ती १० अंशांपर्यंत थंड केली तर १.२५ होते. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये इंटरकूलर ठेवतात. कमी दाबाची काही किट त्याशिवायही चालतात, पण दाब वाढेल तसा तो अनिवार्य होतो.

ट्यूनिंग म्हणजे हिशोब जुळवणे

हवा वाढवली, की त्या प्रमाणात पेट्रोल वाढवावे लागते. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पण पूर्ण जोर लावताना इंजिनाला याहून जास्त पेट्रोल देतात, साधारणपणे बारा किलो हवेला एक किलो. ज्यादा पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषते आणि सिलिंडरचा आतला भाग थंड ठेवते.

आता सुरुवातीच्या चाकाकडे परत येऊ. समजा, एकाने वायोमिंगमधल्या टोगटी खिंडीच्या परिसरात, सुमारे ३,००० मीटरवर, सहा पौंड बूस्टला इंजिन उत्तम जुळवले. पेट्रोल बारास एक. पुढच्या आठवड्यात तो कॅनडातल्या रेव्हलस्टोकला गेला. हे गाव ५०० मीटरहूनही कमी उंचीवर आहे आणि तिथून चढाई सुरू होते. गेजवर तेच सहा पौंड. पेट्रोलचे नियंत्रण गेजच्या आकड्यावरच बेतलेले असेल, तर पेट्रोलही तेवढेच. सगळे जागच्या जागी दिसते.

पण इंजिनात काय चालले आहे? सहा पौंड म्हणजे ४१४ मिलिबार. ३,००० मीटरवर एकूण दाब ७०१ अधिक ४१४, म्हणजे १११५ मिलिबार होता. ५०० मीटरवर तो ९५५ अधिक ४१४, म्हणजे १३६९ झाला. तापमानाचा फरक बाजूला ठेवला, तर हवा सुमारे २३ टक्क्यांनी वाढली. पेट्रोल तेवढेच राहिल्याने बारास एकचे प्रमाण आता १४.७ ला एक झाले. थंडावा देणारे ज्यादा पेट्रोल सगळे संपले, आणि तेही दाब सर्वाधिक असताना. इंजिन जाण्याची हीच घडी. गेज खोटे बोलले नाही. आपण त्याला जे विचारलेच नव्हते, ते त्याने सांगितले नाही, इतकेच.

म्हणून चांगल्या किटमधले इलेक्ट्रॉनिक नियंत्रण निर्वात स्थितीपासून मोजलेला दाब, म्हणजे निरपेक्ष दाब, वाचते. जोडीला ते हवेचे तापमानही वाचते. दाब आणि तापमान कळले, की वायूच्या नियमावरून हवेचे वस्तुमान काढता येते, आणि पेट्रोल वस्तुमानाप्रमाणेच द्यायचे असते. किट निवडताना विचारण्याचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच : हे नियंत्रण निरपेक्ष दाब मोजते, की बाहेरच्यापेक्षा असलेला फरक?

प्रत्यक्ष जुळवणीचा क्रम संयमाचा असतो. आधी मूळ इंजिन निरोगी आहे का, नळ्या कुठे गळतात का, ते पाहावे. सुरुवात सर्वांत कमी बूस्टने आणि जरुरीपेक्षा थोड्या जास्त पेट्रोलने करावी. काही सेकंदच पूर्ण थ्रॉटल द्यावा, मग थांबून धुराचे तापमान, प्राणवायूच्या संवेदकाची नोंद आणि स्पार्क प्लगचा रंग तपासावा. टू-स्ट्रोकमध्ये थोडी ताजी हवा न जळताच बाहेर निसटते, त्यामुळे प्राणवायूच्या एकट्या आकड्यावर विसंबून चालत नाही. मग पेट्रोल थोडे थोडे कमी करावे. हीच तपासणी आपण फिरणार त्या सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या ठिकाणी पुन्हा करावी. बूस्ट वाढवायचा तो त्यानंतर.

ठोका आणि ऑक्टेन

पिस्टन वितळतो तो कशाने? ठिणगी पडल्यावर ज्योत सिलिंडरमध्ये पसरत जाते. तिच्या पुढे असलेले न जळलेले मिश्रण दाबले जाऊन तापते. ते फार तापले, तर ज्योत पोचण्याआधीच सगळे एकदम पेट घेते. हा ठोका, म्हणजेच नॉकिंग. त्याच्या दाबलहरी पिस्टनच्या माथ्यावरचा वायूचा संरक्षक थर उडवून लावतात आणि ॲल्युमिनियम उघड्यावर पडते. जास्त दाब, तापलेली हवा आणि अपुरे पेट्रोल ही तीनही कारणे वरच्या उदाहरणात एकत्र आली होती.

ठोक्याला विरोध करण्याची पेट्रोलची ताकद म्हणजे ऑक्टेन. रॉकी पर्वताच्या भागातील अनेक पंपांवर साधे पेट्रोल ८५ ऑक्टेनचे मिळते. विरळ हवेत सिलिंडरमधला दाब कमी राहत असल्याने ते पूर्वापार चालत आले आहे. पण टर्बो बसवला, की इंजिनापुरता डोंगर सपाट होतो आणि ही सवलत संपते. म्हणून कमी बूस्टलाही तिथले ९१ ऑक्टेनचे पेट्रोल वापरतात. तिथला आकडा दोन पद्धतींच्या मापांची सरासरी असतो, तर भारतातला आकडा एकाच, 'रिसर्च' पद्धतीचा असतो. त्यामुळे तिथले ९१ म्हणजे आपल्याकडचे सुमारे ९५-९६.

शेवटचा दुवा : क्लच

स्नोमोबाइलला गिअर नसतात. गिअर नसलेल्या स्कूटरप्रमाणे दोन कप्प्यांमधून फिरणारा पट्टा असतो. फेरे वाढले, की पुढच्या क्लचमधली वजने बाहेर झुकतात, कप्पीचे दोन भाग जवळ ढकलतात आणि पट्टा वर चढतो. प्रत्येक इंजिन ठराविक फेऱ्यांना सर्वाधिक शक्ती देते. ८५० घनसेंटिमीटरच्या टू-स्ट्रोकमध्ये हे फेरे मिनिटाला आठ हजारांच्या आसपास असतात. पूर्ण थ्रॉटलला इंजिन तिथेच थांबावे, अशी वजने निवडतात. टर्बोविना उंचीवर जाताना वजने हलकी करावी लागतात. टर्बोने शक्ती परत आणली, की ती पुन्हा जड करावी लागतात. नाहीतर इंजिन नुसतेच जास्त फेरे घेते आणि वाढलेली शक्ती बर्फापर्यंत पोचत नाही.

शक्ती परत मिळाल्यावर

एक गोष्ट मात्र कोणत्याही किटमध्ये मिळत नाही. बहुतेक हिमप्रपात ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, आणि पूर्वी न चढवणाऱ्या अशाच उतारांवर टर्बो माणसाला सहज नेऊन सोडतो. म्हणून अनुभवी लोक एकटे जात नाहीत. प्रत्येकाच्या अंगावर ठावठिकाणा सांगणारा रेडिओ संच, बर्फात खुपसायची लांब काठी आणि फावडे असते. निघण्यापूर्वी ते हिमप्रपाताचा अंदाज वाचतात. इंजिनाला विरळ हवेची जाणीव होऊ न देणे चांगलेच, पण चालकाला डोंगराची जाणीव राहायलाच हवी.

वर्गासाठी एक उदाहरण देऊन थांबू. मुंबईत मोटारीच्या चाकात ३० पौंड हवा भरली आणि मोटार सुमारे १,३७० मीटर उंचीच्या महाबळेश्वरला नेली. तिथे बाहेरचा दाब ८६० मिलिबारच्या आसपास असतो. चाकाचे तापमान आणि आकारमान तेवढेच राहिले असे धरले, तर तिथे गेज किती दाखवेल? उत्तर सुमारे ३२ येते. वाटेत कुणीही हवा भरलेली नाही. मग दोन पौंड आले कुठून, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या. ज्याला ते नीट सांगता येईल, त्याला टर्बो जुळवण्यातला सर्वांत अवघड मुद्दा समजला, असे खुशाल धरावे.